दारू आधी की मन आधी? गल्लीतल्या डॉक्टरने दोन्ही हाती घ्यावं का?

डिचोलीचा_दवाखाना

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. दारू आणि उदासी दोन्ही घेऊन येणाऱ्या माणसाला 'आधी दारू सोड, मग मनाचं बघू' असं सांगून परत पाठवणं बंद झालं पाहिजे. आणि दोन्हींचा इलाज बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जायच्या आधी आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिसवाल्यांनी सुरू केला पाहिजे.

हा माणूस 'मी फार पितो' किंवा 'मला उदास वाटतं' असं सांगत येत नाही. ॲसिडिटी, झोप लागत नाही, पायाला मुंग्या येतात. बीपी वाढलेलं, लिव्हरच्या तपासणीत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट. 'डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.' आपण ग्लुकोजची बाटली चढवतो, पैसे घेतो, तो जातो. रोज पिणाऱ्याला आधी बी-१ जीवनसत्त्व न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते हे वाचूनच आपण सगळे पास झालो, पण बाटली काही थांबत नाही.

मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली की 'मी काय वेडा आहे?' व्यसनमुक्तीला पाठवला तर तिथे दारूचंच बघतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूचा विकार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोक उपचाराविनाच होते. ते कुठे असतात? आमच्या बाकावर.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' प्रश्नावली आहे, १० प्रश्न, ४० गुण. ८ आणि वर म्हणजे धोका, २० आणि वर म्हणजे बहुधा शरीराला दारू लागलेली. २०च्या खालचा माझा. वरचा, फीट येऊन गेलेला, भास होणारा किंवा जिवाचं बरंवाईट करायचं बोलणारा बांबोळीला. बोला.

निवासी_मनोविकार

डॉक्टर, हेतू चांगला आहे पण घाई आहे. रोज पिणारा माणूस उदास दिसणारच, दारूच त्याला तसा करते. तीन-चार आठवडे बंद राहिला की पुष्कळांची उदासी गोळीविना उतरते. तुम्ही पहिल्या भेटीत उदासीवर एसिटालोप्राम लिहिणार आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम. ते अल्प्राझोलाम मग त्याच जुन्या चिठ्ठीवर फार्मसीतून वर्षानुवर्षं मिळत राहतं. दारूवर ती गोळी पडली तर श्वास मंदावतो. वॉर्डात असे येतात: दारू होती तिथेच, वर गोळीचंही व्यसन.

शिवाय तुमचा प्रयोग गोव्यात होऊन गेलाय. संगाथ या संस्थेच्या 'मानस' अभ्यासात, २०१०मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला तो, १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने होते. निम्म्या ठिकाणी डॉक्टरच्या जोडीला शिकवून तयार केलेला समुपदेशक दिला. सरकारीत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के, समुपदेशक नव्हता तिथे ४२.५. खासगीत फरकच नाही.

डिचोलीचा_दवाखाना

खासगीचे आकडेही सांगा की. समुपदेशक होता तिथे ६४.१, नव्हता तिथे ६५.९. म्हणजे ओळखीचा डॉक्टर एकटाच तिथवर पोचत होता. मी तर ते आमच्या बाजूने वाचतो.

अल्प्राझोलामबद्दल एकदम मान्य, लिहूच नये. पण चार आठवडे थांबायचं तर कुठे थांबायचं? दारू आणि नैराश्य एकत्र असलं की आत्महत्येचा धोका त्यांपैकी एकट्या कुठल्याही दुखण्यापेक्षा जास्त. त्याला दर आठवड्याला बोलवा, बी-१ द्या, किती प्यायला आणि कसा झोपला दोन्ही विचारा. गोळी चार आठवड्यांनी ठरवू. मी 'एकत्र' म्हणतो ते एवढंच.

निवासी_मनोविकार

'मानस'मध्ये नैराश्य आणि चिंता होती, दारू नव्हती. खासगी दवाखान्यात येणारा वर्गही वेगळा. त्यावरून स्वतःला प्रशस्तिपत्रक लिहून घेऊ नका :)

फोंडाकर_एमबीबीएस

सकाळी साठ पेशंट, संध्याकाळी तेवढेच. एकाला दहा प्रश्न विचारेपर्यंत तापलेलं पोर घेऊन बसलेली बाई उठून समोरच्या दवाखान्यात जाते. दोन महिन्यांत गावात नाव होतं, 'तो बेवड्यांचा डॉक्टर'. मग बायका-पोरं यायची बंद. डिचोलीत चालत असेल बुवा, मला परवडत नाही.

आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक विकारही धरलेत. मी हाताळत असताना उद्या कुणी गळफास लावून घेतला तर नातेवाईक कुणाच्या दारात येतील? माझ्या. चिठ्ठी देऊन मोकळं होणं हा भित्रेपणा असेल तर मी भित्रा.

रिटायर्ड_सिस्टर

सत्तरी तालुक्यात नोकरी झाली माझी, म्हणून लिहिते. श्रावण पाळायचा म्हणून लोक दिव्याच्या अवसेला शेवटची पितात आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. कुणी माळ घालतो, त्याचंही तेच. दोन-तीन दिवसांनी तोच बाप्या घामाने निथळत, हात लटलटत, 'भिंतीवर किडे चढतायत' म्हणत येणार. दोन मुलगे स्कूटरवर मधे दाबून बसवून आणायचे. त्याआधी देवळात गाऱ्हाणं घालून झालेलं असायचं, कारण घरच्यांना वाटायचं सोवळ्यात काही चूक झाली. एकाला आमच्या ओट्यावरच फीट आली.

तेव्हा 'सोडून ये' हा सल्ला चिठ्ठीवर लिहिण्याइतका सोपा नाही. रोजची भरपूर असेल तर औषधाच्या आधाराने उतरवावी लागते. हे श्रावणाच्या आधी गावात कुणीतरी सांगायला हवं, आणि ते फॅमिली डॉक्टरच सांगू शकतो. पण डॉक्टर, तुमचे गुण कागदावर ठीक. क्वार्टर घेणारा 'थोडीशी' सांगतो. काजूचा हुर्राक तर कुणी दारूत धरतच नाही, मार्च-एप्रिलात लिम्का घालून सरबतासारखा पितात. तुमच्या प्रश्नावलीत तो माणूस ७ वर येईल. बायकोला विचारा.

पेडण्याची_सून

बायकोला विचारा म्हणताय म्हणून सांगते. आमच्या नात्यातल्या एकीला एका दुकानदाराने गोळ्या दिल्या, 'चहात टाका, त्याला कळणार नाही'. तिने कुस्करून भाकरीच्या पिठात मिसळल्या. तो संध्याकाळी बाहेर पिऊन आला आणि तोंड लालबुंद, छाती धडधड, उलट्या, डोळे फिरवले. म्हापशाच्या आझिलो इस्पितळात नेला म्हणून वाचला. डायसल्फिराम, दारूशी गाठ पडली की असा त्रास करणारी गोळी, हे नाव तिथे पहिल्यांदा ऐकलं. ती बाई का गेली दुकानदाराकडे? कारण ज्या डॉक्टरकडे तो बीपीला जायचा त्याने 'हे माझं काम नाही' म्हटलं होतं. फोंडाकर, राग मानू नका.

आणि मला दुसरंच विचारायचंय. दारू कमी झाली की तुम्ही यश लिहिता. मार थांबतो का?

निवासी_मनोविकार

नाही थांबला, निदान अभ्यासात तरी. गोव्यातच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूवरच्या समुपदेशनाचा अभ्यास झाला, २०१७मध्ये आला. एक ते चार भेटी, डॉक्टर नसलेले समुपदेशक, ऑडिटला १२ ते १९ गुण असलेले पुरुष. तीन महिन्यांनी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं, नेहमीच्या उपचारात २६ टक्क्यांचं. आधीच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ विरुद्ध १८ टक्के. बायकोला मारहाण, कामाचे बुडालेले दिवस यांत मात्र फरक दिसला नाही.

डॉक्टरांच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. त्याच वर्षी नैराश्यावरचाही अभ्यास आला, सहा ते आठ भेटींचा, दिवसाची कामं माणसाला परत लावून देण्यावर भर असलेला. समुपदेशकांची दारूची पुस्तिका वेगळी, उदासीची वेगळी. दोन्ही असलेल्या माणसाने कुठल्या खुर्चीवर बसायचं, हा प्रश्न खराच आहे.

खाण_ट्रक

चर्चा छान चाललीय. २०१२ला खाणी बंद, मग सुरू, २०१८ला परत बंद. ट्रक दारात गंजला, हप्ता काही गंजला नाही. सकाळी उठून जायला जागा नाही म्हणून माणूस अकरालाच बारमध्ये. त्याला तुम्ही दहा प्रश्न विचारणार. अकरावा विचारा: कर्ज किती?

डिचोलीचा_दवाखाना

विचारतो, रोज विचारतो. फेडू शकत नाही. पण कर्जाच्या जोडीला लिव्हरही गेली तर फेडणार कोण? आणि निवासींनी सांगितलेली दुसरी पुस्तिका तुमच्याच मुद्द्याची आहे, रिकाम्या दिवसात काम परत बसवायचं.

खाण_ट्रक

बसवा की. काम कुठाय?

रिटायर्ड_सिस्टर

याला उत्तर नाही. समुपदेशकाचंही तसंच. गावच्या बारावी झालेल्या मुली शिकवल्या की डॉक्टरपेक्षा बऱ्या बोलतात, मी पाहिलंय. पण प्रकल्पाचा पैसा आटला की मुलगी जाते आणि रजिस्टर उरतं. कायमची पदं भरा, मग फोंडाकरांनाही त्यांच्याकडे बोट दाखवता येईल.

फोंडाकर_एमबीबीएस

असं पद जवळच्या केंद्रात असेल तर मी प्रश्नावली बाकावर ठेवायला तयार आहे. पेशंट स्वतः भरेल. बोलत बसणार नाही.

निवासी_मनोविकार

डिचोलीकरांना माझा एकच हट्ट. २०च्या खालचा आहे म्हणून तुम्ही ठेवून घेतला, सिस्टर म्हणतात तसा तो खोटं बोललेला निघाला, आणि तुमच्या सांगण्यावरून त्याने शुक्रवारी बंद केली. रविवारी पहाटे फीट आली तर तुम्ही कुठे असता?

डिचोलीचा_दवाखाना

झोपलेला. म्हणून घरच्यांना समोर बसवल्याशिवाय 'बंद कर' म्हणत नाही, 'इतकी कमी कर आणि मंगळवारी ये' म्हणतो. चिठ्ठीवर लाल शाईत लिहितो: घाम, थरथर, भास, फीट यांतलं काहीही दिसलं तर १०८. मन फार खचलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, रात्रीही चालतो.

पेडण्याची_सून

चिठ्ठी बायकोच्या हातात द्या. त्याच्या खिशात राहिली तर सोमवारी पँटीबरोबर धुतली जाते.