तापानंतरची गुठळी : घरी आल्यावरचे महिने

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, ताप उतरलेल्या अनेकांच्या पोटरीत किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी सापडली. संसर्गाने रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, रक्त गोठण्याकडे झुकते आणि अंथरुणाला खिळल्यामुळे पायांतला प्रवाह मंदावतो. गुठळी होण्याच्या या तीन कारणांना वैद्यकात विर्चोची त्रयी म्हणतात, आणि ती येथे पूर्ण जुळून येते. इस्पितळातल्या उपचारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून घरी आल्यानंतरची काळजी कशी घेतली ते रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी येथे लिहिले आहे. डोस मात्र दुसऱ्याचा पाहून कोणीही ठरवू नये.

नाशिक, मुलगा
वडिलांचा ताप गेला आणि डावी पोटरी सुजून घट्ट झाली. आत्याने तिळाचे तेल कोमट करायला ठेवले होते, पण आमच्या डॉक्टरांनी फोनवरच मालिश करू नका म्हणून बजावले, कारण गुठळी सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते. डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करताना डॉक्टर तिचे हातातले उपकरण दाबून शीर मिटते का ते पाहत होते. उजव्या मांडीतली लगेच मिटली, डावीतली जशीच्या तशी उघडी राहिली, म्हणजे गुठळी तिथे होती. आधी पोटावर रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने, मग त्याच कामाचे रिव्हारोक्साबान हे तोंडी औषध. रिव्हारोक्साबानची १५ व २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे वडिलांची एकादशी तेवढे महिने बंद झाली. गुठळीपेक्षा त्याचेच त्यांना अधिक वाईट वाटले!

सांगली, सून
सासूबाईंच्या किडन्या अशक्त असल्यामुळे त्यांना असेनोकुमारॉल हे रक्त पातळ करणारे औषध दिले. त्यावर असताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये राहावा लागतो. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने या औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून शेजारणी मेथी-पालक पूर्ण बंद करा म्हणत. डॉक्टरांनी सांगितले की पालेभाजी जरूर खावी, पण आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवावे. खरा धोका गुडघेदुखीच्या गोळ्यांचा, कारण त्या रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काळी शौच किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर त्याच दिवशी कळवायचे असे आम्ही ठरवले होते.

पुणे, केशकर्तनाचा व्यवसाय
दिवसभर उभे राहून माझ्या पायांच्या शिरा आधीपासूनच फुगलेल्या होत्या. तापानंतर त्यांतली एक दोरीसारखी कडक, लाल आणि दुखरी झाली. गुठळी त्वचेजवळच्या, वरवरच्या शिरेत असली तरी ती खोल शिरेपर्यंत पसरलेली नाही ना, हे डॉपलरने पाहावे लागते. दाब देणारे मोजे घोटा आणि पोटरी मोजूनच घ्यावेत, आणि त्याआधी पायाचा धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. सकाळी सूज चढण्यापूर्वी, अंथरुणातच ते चढवले तर सहज जातात. चहा झाल्यावर चढवायला गेलो की टाचेपाशी झटापट ठरलेली.

डोंबिवली, स्वतः रुग्ण
डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक, वारंवार तपासून मी उगाच घाबरत असे. संसर्ग, शस्त्रक्रिया, गरोदरपण, वाढते वय यांनीही तो वाढतो, आणि प्रयोगशाळांची एकके वेगवेगळी असल्यामुळे दोन अहवालांतले आकडे तसेच ताडून पाहता येत नाहीत. याउलट अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे, यांसाठी अहवालाची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. माझ्या फुफ्फुसातल्या गुठळीचे निदान सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, झाले. आता दंतवैद्याकडे जातानाही मी चालू औषधाची चिठ्ठी सोबत नेतो आणि दात काढण्याआधी गोळी थांबवायची की नाही, हे माझ्या डॉक्टरांनाच विचारतो.