धागा : ‘ऐपत असेल तर थेट पारोच घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

रामबागकर
काल इथे एकाने लिहिलं : ‘डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आईसाठी अमेरिकेहून बॅटरीचं मांजर आणलं, आई शांत झाली. ऐपत असेल त्याने मात्र थेट पारोच घ्यावा.’ खाली बदामाच्या इमोजींचा सडा.

पारो म्हणजे जपानचे संशोधक शिबाता यांनी बनवलेला रोबोट, दिसायला सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा. किंमत ६००० डॉलरच्या आसपास. अमेरिकेत २००९ मध्ये वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली, एवढं ऐकलं की आपले लोक माना डोलावतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये २८ वृद्धाश्रमांत डिमेन्शियाच्या ४१५ जणांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये छापून आला. काहींना चालू पारो, काहींना तोच पण आतली यंत्रणा बंद केलेला, बाकीच्यांची नेहमीची देखभाल. चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त बघत राहिले, हे खरं. पण अस्वस्थपणा कमी करण्यात चालू आणि बंद यांत म्हणण्यासारखा फरक नाही! मग एवढे पैसे कशाचे? लांब राहणाऱ्या मुलांच्या मनाला बरं वाटावं म्हणून? आणि इंदुरात सील पाहिलाय कुणी?

सुदामानगरची सून
कुणी पाहिला नाही म्हणूनच सील. शिबातांनी आधी मांजर करून बघितलं होतं. लोक खऱ्या मांजराशी ताडून बघायचे आणि नाक मुरडायचे. सील कुणी पाळलेला नसतो, त्यामुळे ताडणार कशाशी? अभ्यास वाचता तर हेही वाचायचं ना.

आणि दादा, दिवेलागणीला ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणत दाराची कडी वाजवणारं माणूस सांभाळलंय कधी? आमच्याकडे बॅटरीचं स्वस्तातलं मांजर आहे. पाठीवरून हात फिरवला की घुरघुरतं. सासूबाई त्याला रागावतात, गोंजारतात, तेवढ्यात माझ्या पोळ्या होतात. ते बंद असतं तरी चाललं असतं का? असेल. तुम्ही या आणि बंद करून बघा.

वि. ना. (निवृत्त)
जिने जन्मभर स्वयंपाकघरात मांजराला पाऊल टाकू दिलं नाही, तिच्या मांडीवर मांजर? आमच्या वहिनींनी ते खाटेखाली भिरकावलं. शेवटी देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण मागून घेतला, त्याला पदराखाली घेऊन बसायच्या. फुकटात.

पण खरा प्रश्न पेशंट सांभाळणाऱ्या बायांचा आहे, तो कुणी बोलत नाही. बाया पुरवणारा ब्युरोवाला महिन्याचे पैसे आगाऊ घेतो आणि दर आठवड्याला नवीन बाई पाठवतो. पेशंटला घरचे ओळखू येत नाहीत, ती नवीन बाई कुठून येणार? रात्रपाळीची तर येते, मोबाइल लावते आणि पेशंटच्या आधी झोपते.

मालवी मिरची
माझी आई कित्येक वर्षं तीच ‘बाई’ होती. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सगळी आपलीच मराठी घरं. बारा तासांची ड्यूटी, डबा तिचा तिने आणायचा, बसायला वेगळं स्टूल. ब्युरोचं कमिशन कापून हातात काय यायचं ते विचारा की! पेशंटने चावा घेतला तर घरचे म्हणायचे, ‘तुम्हीच नीट धरलं नसेल.’ झोपते म्हणे. दिवसा दुसऱ्या घरी राबून आलेली असते ती.

वि. ना. (निवृत्त)
मी सगळ्यांना म्हटलं नाही.

मालवी मिरची
‘खरा प्रश्न बायांचा’ म्हणालात. वर आहे, वाचा.

रामबागकर
धागा रोबोटचा आहे.

सुदामानगरची सून
असू दे ना! ब्युरोची बाई टिकली असती तर मांजर कशाला आणलं असतं? वि. ना. काका, आमच्याही तीन गेल्या. शेवटचीला मीच टोचून बोलले होते, तो भाग वेगळा. पण जी टिकली होती ना, ती सासूबाईंना होळकरांच्या छत्रीजवळचं (समाधीजवळचं) त्यांचं माहेर विचारत बसायची. तेव्हा संध्याकाळी कडी वाजत नसे.

मालवी मिरची
मग तिला वाढवून द्यायचे होते पैसे. सीलच्या किमतीत किती महिने निघाले असते?

रामबागकर
हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

मालवी मिरची
तुम्ही बाईचा ‘ब’ काढला नव्हता.

रामबागकर
बरं बाबा, तुमचं खरं. स्वस्तातलं मांजर मान्य, बाईला नीट पगार मान्य, सील मान्य नाही. पारो पावणेतीन किलोचा आहे. वाळक्या मांड्यांवर तेवढं ओझं तासभर ठेवून बघा.

सुदामानगरची सून
तासभर कोण ठेवतंय? त्या चाचणीतही एका वेळेस १५ मिनिटंच देत होते. वजन अंगावर असलं की काहींना बाळ घेतल्यासारखं वाटतं. आमच्या सासूबाईंना वाटलं असतं. वि. ना. काकांच्या वहिनींनी सीलही भिरकावला असता, फक्त मोठा आवाज झाला असता.

वि. ना. (निवृत्त)
हे मात्र खरं. त्या मांजराला खाऊ घालतात का हो तुमच्याकडे?

सुदामानगरची सून
रोज. पोहे, वर शेव. पाण्यात बुडवून धुता येत नाही, आत मोटर आहे. ओल्या फडक्याने पुसते, शेव जुन्या दातांच्या ब्रशने निघते. जिलेबी झाली की मात्र मी रडकुंडीला येते.