अनुभव धागा: नवा गुडघा आणि बोपदेव घाट

रविवारी आमचा सायकल ग्रुप कोंढवा, बोपदेव घाट, सासवड आणि दिवे घाटाने खाली हडपसर असा फेरा मारून आला. ग्रुपात गुडघा बदललेली मंडळी आहेत, त्यांना लिहायला बसवलंय. इतरांनीही भर घाला. 'डॉक्टरांना विचारा' हे सगळ्यांना माहीत आहे, त्यापुढचं लिहा.

कोथरूडचे काका: दोन्ही गुडघे बदललेत. धास्ती चढाची होती, पण चढाने काही केलं नाही. गिअर सगळ्यात हलका, म्हणजे पुढे सगळ्यात लहान चकती, मागे 34 दात्यांची, आणि सीटवरून न उठता हलके पाय भराभर फिरवायचे. जड गिअरवर रेटलं की सगळा भार वाटीवर येतो. पोरं पुढे निघाली की उभं राहून मारायची खुमखुमी येते, ती गिळायची.

त्रास झाला तो थांबण्याचा! दर वळणावर कुणाला तरी फोटो हवा. तितक्या वेळा सायकल कलती करून पाय पलीकडे टाकायचा. आणि बसून राहिलं की गुडघा आखडतो. सासवडला मिसळ येईपर्यंत मी टेबलाखाली पाय हलवत होतो. वेटरला वाटलं, काका भुकेने कासावीस झालेत.

फिजिओताई: पेडल पूर्ण फिरायला गुडघा साधारण 105 ते 110 अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर माणूस नकळत कंबर उचलतो. सीट जरा वर घेतली की कमी वाकून भागतं. फार वर घेतली तर गुडघ्यामागे ओढ बसते. 170 मिलिमीटरचा क्रँक (पेडलचा दांडा) काढून 155 चा लावला तर वाकणं आणखी कमी होतं, सीटही मग तेवढीच वर घ्यायची. बूट अडकवायची पेडलं नकोत, पाय सोडवताना गुडघा पिळतो.

सिंहगड रोडवाली: माझा उजवा. सासूबाई म्हणाल्या, "देवळात खाली बसवत नाही आणि घाटात कसली जातेस?" आता त्यांना कोण सांगणार, की सायकलवर मांडी घालावी लागत नाही! व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे आणि मधूनच टकटक वाजतं. दोन्ही नेहमीचंच, असं डॉक्टर म्हणाले.

जे कुणी बोलत नाही ते लिहिते. वाटेत उकिडवं बसायचे संडास. कमोड कुठल्या हॉटेलात आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर पाणी कमी पिऊन घाट चढाल आणि पायांत गोळे येतील.

शेवटचा गडी: ग्रुपच्या मागे मी असतो. दिवे घाट उतरताना मस्तानी तलाव दिसला की लोक कचकन ब्रेक दाबतात, मागे ट्रक असतात. नव्या गुडघ्यावर एकदम पाय टेकवायची वेळ नको, म्हणून उताराला काकांना सगळ्यात पुढे ठेवतो. त्यांचा वेग तोच सगळ्यांचा. कुरकुर होते, होऊ दे.

बॅटरीवाला: मी मोटरच्या सायकलवर येतो. 'फुकटे' म्हणून चिडवतात. सासवडला मिसळ मीही तेवढीच खातो.

नवीन सभासद: शस्त्रक्रिया होऊन जेमतेम तीन महिने झालेत. पुढच्या फेरीला नाव लिहू का?

कोथरूडचे काका: घाटाला नको. डॉक्टर हो म्हणाले तर आधी खडकवासल्यापर्यंत या. दमलात तर तिथून माघारी वळता येतं, बोपदेवच्या मध्यावरून काय करणार? मी येतो सोबत. फोटोला थांबणार नाही.