जुन्या २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये छतावरचा नवा डिस्प्ले

आडगावकर: टाटा १६१२ मध्ये नव्या गाडीचा ओव्हरहेड कन्सोल (केबिनमध्ये डोक्यावर, छताला लागणारा डिस्प्ले) बसवायचाय. घड्याळ, बाहेरचं तापमान, होकायंत्र, सगळं १२ व्होल्टचं. १२ व्होल्टच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतली तर चालेल का?

सातपूर वायरमन: अजिबात नको. ज्या बॅटरीवर लोड पडतो ती अर्धवट चार्ज राहते, दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवते. दोन्ही लवकर जातात. २४ ते १२ चा कन्व्हर्टर घ्या, ३ अँपिअर पुरे. इंजिन चालू असताना २८ व्होल्ट येतात, म्हणून निदान ३२ सोसणारा बघा. फ्यूज बॅटरीजवळच. घड्याळाची कायमची लाइन थेट कन्व्हर्टरवरून. इग्निशनच्या (किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या) पिनसाठी २४ व्होल्ट कॉइलचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावा आणि त्याच्या संपर्कांतून कन्व्हर्टरचे १२ व्होल्ट सोडा. पार्किंग लाइटची वायर डिमरच्या (रात्री डिस्प्लेचा उजेड कमी करणाऱ्या) पिनला जोडलीत तर बोर्ड जळेल, तीही २४ चीच असते.

आडगावकर: आणि तापमानाचा सेन्सर?

द्वारका गॅरेज: त्याच डिस्प्लेचा मूळ सेन्सर वापरा. दुसऱ्याचा रेझिस्टन्स जुळत नाही, आकडा चुकतो. बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे, वाऱ्यात लावा. नाहीतर नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहिलं की इंजिनची उष्णता मोजत बसेल. होकायंत्रापासून स्पीकर लांब ठेवा, चुंबक असतो. बसवून झाल्यावर पत्र्याच्या शेडपासून दूर, मोकळ्या मैदानात गाडी सावकाश गोल फिरवून होकायंत्र कॅलिब्रेट करा, म्हणजे दिशा जुळवून घ्या. कन्सोलचे स्क्रू छताच्या आडव्या पट्टीत घ्या, नुसत्या अस्तरात धरणार नाहीत. वायर केबिनच्या खांबातून उतरवताना भोकाला रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची रिंग) हवंच.