कोऱ्या मतपत्रिकेमुळे जॉश गिब्सन राहिला. आता नियम बदलावा का?

भिंतीपाशी (पिट्सबर्ग)

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची, १९९९ पासून पिट्सबर्गला. इथे ओकलंड भागात फोर्ब्स फील्ड या जुन्या मैदानाच्या विटांच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक घडीच्या खुर्च्या घेऊन तिथे जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या (बेसबॉल मोसमाच्या अंतिम लढतीच्या) सातव्या सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन पहिल्या चेंडूपासून ऐकतात. शेवटी पिट्सबर्गच्या बिल मॅझरॉस्कीचा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) बसतो आणि इतक्या वर्षांनीही माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या टाळ्या ऐकून अंगावर काटा आला होता.

आमचा ३१ जणांचा गट त्या भिंतीपाशीच जमला. नऊ मराठी घरं, बाकी इथलीच मंडळी. गेल्या वर्षी ठरवलं की आपण आपला हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर बेसबॉल खेळाडूंचा मानाचा कक्ष, करायचा. कूपर्सटाउनने, म्हणजे तिथल्या मूळ हॉल ऑफ फेमने, कोणाला घेतलं, कोणाला वगळलं ते विसरायचं आणि पाटी कोरी करून सुरुवात करायची. जागा म्हणजे आमचं गॅरेज. माझे यजमान तुटलेल्या बॅटी चिरून त्यांच्या लाकडी पट्ट्या करतात आणि तापलेल्या सळीने त्यांवर नाव उमटवतात. दिवसभर गॅरेजला जळक्या लाकडाचा वास असतो.

नियम मात्र आम्ही कूपर्सटाउनचेच उचलले. एका पत्रिकेवर जास्तीत जास्त १० नावं, ७५ टक्के मतं मिळाली तर आत, ५ टक्क्यांच्या खाली गेला तर बाद. स्टेरॉइडचा डाग असलेल्यांना पहिल्या फेरीत घ्यायचं नाही, हे बहुमताने आमचं आम्ही ठरवलं.

मोजणी मी केली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा पद्धतीने. शनिवारी रात्री मुदत संपली तेव्हा डब्यात ३० पत्रिका होत्या. बेब रूथ, विली मेझ, हँक आरन आणि आमचा रोबर्टो क्लेमेंटे, हे चौघे आत गेले. इथल्याच होमस्टेड ग्रेज या काळ्या खेळाडूंच्या संघाचा जॉश गिब्सन, त्याला २२ मतं पडली, म्हणजे ७३.३ टक्के. एका मताने राहिला.

त्या ३० मध्ये एक पत्रिका सही केलेली, पण पूर्ण कोरी होती. आमच्यातल्या एकाचा बॅरी बाँड्सवर जीव आहे. बाँड्स १९८६ ते १९९२ इथे पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडून खेळला, १९९० आणि १९९२ चा सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याने इथेच मिळवला. स्टेरॉइडच्या डागामुळे त्याला यादीतच घेतलं नाही म्हणून या गृहस्थांनी निषेध नोंदवला. ती पत्रिका मोजली नाही तर गिब्सनची २९ पैकी २२ होतात, ७५.९ टक्के. म्हणजे तो आत.

पुढची गोष्ट मंगळवारची. पोस्टाने एक पाकीट आलं, आमच्या शेजारच्या आजोबांचं. वय ९०. पाकिटावर शिक्का मुदतीआधीच्या गुरुवारचा. आत दहा ओळींच्या पत्रिकेवर पहिल्याच ओळीत पेन्सिलने एकच नाव: जॉश गिब्सन. खाली लिहिलं होतं, 'मी त्याला पाहिलंय.' दहा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना फोर्ब्स फील्डवर होमस्टेड ग्रेज संघाचा सामना दाखवायला नेलं होतं. पायरेट्स गावाबाहेर असले की ग्रेज तिथे खेळायचे. आजोबांनी मला सांगितलं होतं की गिब्सनने मारलेल्या चेंडूचा आवाज वेगळा यायचा, शेजारच्या बाकावरची माणसं बोलता बोलता थांबायची. हे पाकीट धरलं तरी ३१ पैकी २३ होतात, ७४.२ टक्के. तरीही बाहेरच.

गिब्सन २० जानेवारी १९४७ ला गेला, अवघ्या ३५ व्या वर्षी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरला आणि काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचं, दार उघडलं. गिब्सनला त्या दारातून आत जाता आलं नाही. इथल्या अ‍ॅलेगेनी स्मशानभूमीत १९७५ पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २०२४ मध्ये निग्रो लीगचे, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या त्या वेगळ्या स्पर्धांचे, आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत आले आणि त्याची फलंदाजीची .३७२ ही सरासरी तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्याही वर गेली. म्हणून त्याच्या बाबतीत 'एका मताने राहिला' हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

नियमपत्रात कोऱ्या पत्रिकेबद्दल एक अक्षर नाही, पोस्टाच्या शिक्क्याबद्दलही नाही. मोजणारी मी, गिब्सनला मत देणारीही मी. काय करावं?

---

गोळाबेरीज (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

ताई, माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला, म्हणून स्पष्ट लिहितो. निकाल हातात आल्यावर कोरी पत्रिका काढायची नाही. तुम्ही नियम कूपर्सटाउनचे घेतलेत, आणि तिथे सही केलेली कोरी पत्रिका एकूण मतांत धरतात. २०२१ मध्ये ४०१ पत्रिका आल्या, त्यांतल्या १४ कोऱ्या होत्या. सर्वांत पुढे असलेल्या कर्ट शिलिंगला २८५ मतं, ७१.१ टक्के. कोऱ्या वगळल्या असत्या तरी ७३.६ टक्केच झाले असते. त्या वर्षी कोणीच निवडून आलं नाही.

नेली फॉक्स या जुन्या खेळाडूचं प्रकरण माहीत असेलच. १९८५, त्याचं पत्रिकेवरचं शेवटचं वर्ष. ३९५ पैकी २९५ मतं, ७४.७ टक्के. लोक म्हणाले, पूर्णांकात धरा की, ७५ होतात. हॉलने ऐकलं नाही. दोन मतं कमी म्हणजे कमी. त्याला १९९७ मध्ये, मतदानात राहून गेलेल्यांचा विचार करणाऱ्या हॉलच्या समितीने घेतलं, तोवर तो जाऊन २१ वर्षं झाली होती. मला त्या निर्णयाचं वाईट वाटतं, पण तो चुकीचा होता असं म्हणवत नाही.

पण तुमचं खरं दुखणं कोऱ्या पत्रिकेत नाहीच, ते १० नावांच्या मर्यादेत आहे. सगळा इतिहास एकदम पात्र केलात आणि जागा दिल्यात दहा. १९३६ च्या पहिल्या मतदानात नेमकं हेच झालं. २२६ मतदार, प्रत्येकी १० नावं, आणि आत गेले फक्त पाच: कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. ५११ सामने जिंकणारा साय यंग १११ मतांवर अडकला, निम्मीही नाहीत. पुढच्या वर्षी गेला. तुमच्या गिब्सनचा साय यंग झालाय.

चाहत्यांनी चालवलेला 'हॉल ऑफ मेरिट' बघा. तिथे टक्केवारीची अटच नाही. प्रत्येकजण १५ नावं क्रमाने लावतो, क्रमाप्रमाणे गुण, आणि त्या वर्षीच्या ठरलेल्या जागा वरून भरतात. आणि प्रत्येक मतदार आपली यादी कारणांसह सगळ्यांसमोर मांडतो. कारण लिहायला लागलं की माणूस दोनदा विचार करतो.

---

सातारकर

बेसबॉल मला कळत नाही, पण मोजणी कळते. आपल्याकडे 'नोटा' वेगळं मोजतात, आकडा जाहीर करतात, मात्र अनामत जप्त होते की नाही हे ठरवताना ते वैध मतांत धरत नाहीत. निषेध नोंदला जातो आणि त्याचा भार उमेदवारावर पडत नाही. पुढच्या वेळी तुम्हाला असं करता येईल.

---

मिशिगनकर (डेट्रॉइटजवळ)

गोळाबेरीज यांच्याशी सहमत, पण ५ टक्क्यांकडे कोणीच बघत नाही म्हणून लिहितो. ३१ मतदारांत ५ टक्के म्हणजे दीड मत. म्हणजे एकच मत मिळालेला प्रत्येकजण कायमचा बाद! पाचशे मतदारांसाठी केलेला अंगरखा तुम्ही तान्ह्या बाळाला घातलाय.

इथे आम्हाला हा नियम फार लागलाय. लू व्हिटेकर आणि अ‍ॅलन ट्रॅमेल डेट्रॉइटच्या टायगर्स संघाकडून सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपला १,९१८ सामने एकत्र खेळले. २००१ मध्ये व्हिटेकरला १५ मतं पडली, २.९ टक्के, आणि पहिल्याच वर्षी नाव पत्रिकेवरून गेलं. ट्रॅमेल पूर्ण मुदत पत्रिकेवर राहिला, लोक त्याच्याबद्दल बोलत राहिले, आणि २०१८ मध्ये समितीमार्फत आत गेला. व्हिटेकर अजून बाहेर आहे. माझा मुलगा विचारतो, बाबा, जोडी होती ना? मग एकच कसा? मला उत्तर देता येत नाही.

पहिली पाच वर्षं कोणालाच बाद करू नका, ताई. यादी लांबेल, लांबू द्या. एका माणसाने एक नाव मनापासून लिहिलं असेल तर बाकीच्या तिसांना त्या खेळाडूबद्दल वाचायला एक वर्ष तरी मिळायला हवं.

---

ओहायोकाठ (सिनसिनाटी)

पुढे गट वाढवणार असाल तर मतदार कोण हे आजच लिहून ठेवा. १९५७ मध्ये आमच्या गावच्या चाहत्यांनी ऑल-स्टार सामन्यासाठी (दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला सामना) इतकी मतं टाकली की नॅशनल लीगच्या संघातल्या आठ जागांपैकी सात आमच्या संघाने पटकावल्या. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून मेझ आणि आरनला घेतलं, आणि चाहत्यांचा मताचा हक्कच गेला, तो थेट १९७० मध्ये परत मिळाला. २०१५ मध्ये कॅन्सस सिटीचे लोक ऑनलाइन मतांत तसेच उसळले तेव्हा सहा कोटींहून जास्त मतं रद्द करावी लागली. माझ्या सासऱ्यांचे मित्र १९५७ चं अजून अभिमानाने सांगतात. मला अभिमान वाटत नाही. त्या वर्षी मेझला पाहायला आलेल्या मुलांचा विचार येतो.

तुमच्याकडे ३१ माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. नवीन माणसाने निदान एक वर्ष चर्चेला यावं, मग मत द्यावं.

---

भिंतीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे गॅरेजमध्ये बसलो, पावणेदोन तास.

यंदाचा निकाल आहे तसाच राहिला. गिब्सन बाहेर. मी स्वतः तसं सुचवलं आणि सुचवताना आवाज जड झाला, ते सगळ्यांना कळलं. कोरी पत्रिका देणारे गृहस्थ उठून म्हणाले की गिब्सनला अडवायचं माझ्या मनातही नव्हतं, माझी पत्रिका मागे घेतो. मी नको म्हटलं. आज ती काढली तर उद्या दुसरा कोणी निकाल बघून पत्रिका मागे घेईल.

पुढच्या वर्षापासून कोऱ्या पत्रिका सातारकर म्हणतात तशा वेगळ्या मोजून जाहीर करायच्या, टक्केवारीत धरायच्या नाहीत. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख ग्राह्य. १० ऐवजी १५ नावं, आणि प्रत्येक नावापुढे निदान एक ओळ कारण. पाच वर्षं कोणी बाद नाही. मिशिगनकर, व्हिटेकरला आमच्याकडे एकच मत होतं, तुमचं लिहिणं वाचून दाखवलं आणि त्याचं नाव यादीत परत आलं. क्रमवारीच्या गुणांवर मात्र एकमत झालं नाही. बऱ्याच जणांना ७५ टक्क्यांचा उंबरठा हवाच आहे.

आज सकाळी शेजारच्या आजोबांना निकाल सांगायला गेले. शांतपणे ऐकलं, 'एकच?' एवढं विचारलं. मग म्हणाले, पुढच्या वर्षीची पत्रिका आताच दे. मी घरी येऊन छापून नेली. त्यांनी माझ्यासमोर पहिल्या ओळीत नाव लिहिलं, या वेळी पेनाने, पुढे कारणाच्या रकान्यात पुन्हा तेच, 'मी त्याला पाहिलंय', खाली सही आणि आजची तारीख. उरलेल्या चौदा ओळी रिकाम्या. पाकीट माझ्या खणात आहे.

मतदान पुढच्या सप्टेंबरमध्ये. नव्वदीच्या माणसाने इतक्या आधी दिलेलं मत, मतदानाच्या दिवशी काहीही परिस्थिती असली तरी धरायचं, असा नियम आजच लिहून ठेवावा असं मला वाटतं. कोणाकडे त्याचा मसुदा आहे का?