टॅटूकडे बघण्याची नजर बदलली की फक्त सवय झाली?

शाईरेघ

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांनी आपल्या अंगावर किमान एक टॅटू असल्याचं सांगितलं. स्त्रियांचं प्रमाण पुरुषांहून जास्त. टॅटूकडे खलाशी, कैदी आणि गुंड यांच्यापुरती गोष्ट म्हणून बघणं त्यामुळे संपलं, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मनगटावरचं नाजूक फूल लोकांनी स्वीकारलंय. तेच फूल मानेवर किंवा बोटांवर असलं, की त्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असतो. बाही खाली ओढली की दिसणार नाही, एवढ्या अटीवर मिळालेल्या मान्यतेला मी बदल म्हणणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

काठावरचा

असहमत. रंग, जात, शरीरातलं व्यंग यांवरून माणसाला जोखणं हा अन्याय आहे, कारण त्यातलं काहीच त्याने निवडलेलं नसतं. टॅटू मात्र स्वतः पैसे मोजून, वेदना सोसून काढलेला असतो. आपण काहीतरी सांगावं म्हणूनच तो काढायचा आणि बघणाऱ्याने त्यावरून मत बनवलं की दुखावून घ्यायचं, हे मला पटत नाही. मत बनवायचं स्वातंत्र्य समोरच्यालाही आहेच की.

अक्षरवेल

@काठावरचा, मत जरूर बनवा, पण ते आलं कुठून हेही बघा. एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) जपानमध्ये गुन्हेगारांच्या दंडावर, काही ठिकाणी कपाळावर, शिक्षा म्हणून खुणा गोंदवत. पुढे १८७२ मध्ये सरकारने गोंदवण्यावरच बंदी आणली आणि ती १९४८ पर्यंत टिकली. तिथल्या कित्येक गरम पाण्याच्या स्नानगृहांत टॅटूवाल्यांना आजही प्रवेश मिळत नाही. म्हणजे आधी सत्तेने गुन्हेगारांवर शिक्का मारला आणि मग समाजाने शिक्का दिसला की गुन्हेगार समजायला सुरुवात केली.

त्याआधीचा इतिहास तर फार लांबचा आहे. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, ओत्झी असं नाव दिलेल्या माणसाच्या पाच हजारांहून जास्त वर्षं जुन्या देहावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघे आणि घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत, म्हणून त्या दुखण्यावरच्या उपचाराच्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि २०२० मध्ये न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या नानाया माहुता यांच्या हनुवटीवर मोको, म्हणजे तिथल्या मूळ माओरी लोकांचं पारंपरिक गोंदण आहे. त्या चेहऱ्याने त्यांनी देशाचं प्रतिनिधित्व केलं.

काठावरचा

मोकोबद्दल मला पूर्ण आदर आहे. ती वंशावळ असते, कुळाने दिलेली ओळख असते. पण मोबाइलवर नमुना बघून तासाभरात काढून घेतलेल्या चित्राला त्या परंपरेची ढाल कशाला? असं करण्यात माओरींचाही मान राहत नाही.

शाईरेघ

हा मुद्दा मान्य. तरीही निवडीबद्दल एक सांगते. मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. माझ्या एका सहकारीचे दोन्ही हात खांद्यापासून मनगटापर्यंत पानं आणि पक्ष्यांनी भरलेत. सलाइन लावताना ती मुलांना म्हणते, "घुबड शोध बघू." मूल कोपरापासून वर वर शोधत जातं, घुबड सापडेपर्यंत सुई आत गेलेली असते. आमच्यात तिचा हात सगळ्यांत हलका. पण नवीन दाखल झालेल्या मुलाचे पालक हळूच माझ्याकडे येऊन विचारतात, "दुसऱ्या सिस्टर नाहीत का?" हे मत त्यांनी तिची कोणती निवड बघून बनवलं? तिने हे काम निवडलं, ते का दिसत नाही?

त्वचावैद्य

बाजू घेण्याआधी थोडं त्वचेबद्दल. शाई वरच्या थरात राहत नाही, खालच्या डर्मिसमध्ये जाते. तिथल्या संरक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की सुटलेले कण दुसरी गिळते, म्हणून टॅटू टिकतो. टॅटू पुसायचा तर लेझरने हे कण फोडावे लागतात, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा, निळा आणि पिवळा फार त्रास देतात. बैठका आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालतात आणि शेवटी फिकट डाग राहू शकतो. लाल शाईची ॲलर्जी सगळ्यांत जास्त दिसते. आणि कृपा करून तिळावर काही काढू नका. तिळाचा रंग किंवा कड बदलणं ही त्वचेच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते, ती शाईखाली झाकली जाते.

आता माझं मत. नाकं मुरडण्याने धोका वाढतोच. न्यूयॉर्क शहराने कावीळ ब चं कारण देऊन १९६१ मध्ये टॅटूवर बंदी घातली, ती १९९७ ला उठली. मधल्या काळात काम थांबलं नाही, बंद दाराआड गेलं. युरोपीय संघाने २०२२ पासून शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, तो रस्ता योग्य आहे. मात्र अठराव्या वर्षी जोडीदाराचं नाव गोंदवायला निघालेल्यांना मी थांबा म्हणणारच. वर उल्लेखलेल्या पाहणीतच टॅटू असलेल्यांपैकी २४ टक्क्यांना किमान एकाचा पश्चात्ताप होता.

पुनर्नवा

एरवी फक्त वाचते, आज लिहिते. माझ्या छातीवरचे पहिले टॅटू रुग्णालयाने गोंदवले. रेडिएशनचा झोत रोज त्याच जागी पडावा म्हणून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके गोंदवतात, ते. स्तन काढल्यानंतर व्रणावरून मी एक वेल काढून घेतली, ती माझ्या मर्जीने. आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करून कपडे घालायचे, ते थांबलं.

पण @काठावरचा, हे वाचून "तुमचं वेगळं आहे" असं म्हणू नका. आधी दुःख सांगायचं, मग सूट मिळवायची, असं मला नको आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक मुलगी नुसता आवडला म्हणून मासा काढून घेत होती. तिला माझ्याइतकाच हक्क होता.

काठावरचा

तुम्हाला बरं वाटलं याचा मनापासून आनंद आहे. हक्क नाही असं मी म्हटलंच नव्हतं. माझा प्रश्न नोकरी देणाऱ्याचा आहे. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये नियम सैल केले. हाताच्या प्रत्येक पंजावर एक इंचापर्यंतचा एक, मानेच्या मागच्या बाजूला दोन इंचांपर्यंतचा एक चालतो. चेहऱ्यावर नाही. सगळ्यांना एकच माप, तेही भरतीआधी सांगितलेलं. संस्थेला आपलं रूप ठरवायचा अधिकार हवाच.

शाईरेघ

भरतीआधी लिहून सांगा, इथपर्यंत तुमच्याशी सहमत. द्वेष पसरवणारी चिन्हं नकोत, टॅटूची जखम ताजी असताना रुग्णाला हात लावू नये, हेही मान्य, कारण त्यामागचं कारण कोणालाही कळतं. पण दोन इंच चालतो आणि तीन इंच चालत नाही, याचा कामाशी काय संबंध? असा नियम करणाऱ्याने मापासोबत कारणही लिहावं. एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांना टॅटू दिसू देण्याची मुभा दिली, अट एवढीच की ते आक्षेपार्ह नसावेत. तेही प्रवाशांसमोर उभं राहण्याचंच काम आहे.