ठेक्यावरच्या फायरमनचा विमा, भरपाई आणि तपासणी: मागायचं कुणाकडे?

होजरील: नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात निम्मे जवान ठेक्यावर आहेत. अपघात झाला की ठेकेदार पालिकेकडे बोट दाखवतो, पालिका ठेकेदाराकडे. केंद्र सरकारच्या अग्निशमन आधुनिकीकरण निधीतून विमा आणि आरोग्य तपासणी बसवता येईल का?

लेखाशीर्ष: त्या निधीवर विसंबू नका. २०२३ची ही ५,००० कोटींची योजना नवीन केंद्रं, उपकरणं आणि प्रशिक्षणासाठी आहे; त्यात महाराष्ट्राला २५ टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. गाडी फुकट मिळाल्यासारखी वाटते, पण टायर, डिझेल, श्वसनाच्या हवेच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पालिकेच्याच माथी. विमा आणि तपासणीसाठी अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष (खर्चाची स्वतंत्र नोंद) मागा, तेही ते स्थायी समितीपुढे जाण्याआधी.

कामगारमित्र: ठेकेदार मधे आला म्हणून पालिका सुटत नाही. १९२३च्या भरपाई कायद्याच्या कलम १२ने मुख्य मालकावर जबाबदारी टाकली होती. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व आहे. २०२०च्या अधिसूचनेतली १५,००० रुपये वेतनमर्यादा धरली, तर ३५ वर्षांच्या जवानाच्या मृत्यूवर निम्मं वेतन ७,५०० × वयानुसारचा गुणक १९७.०६, म्हणजे १४,७७,९५० रुपये होतात. पीएफ भरला जात असेल तर ईडीएलआयचे (पीएफशी जोडलेल्या विम्याचे) कमाल ७ लाख वेगळे.

दावे अडकतात ते कागदावर. हजेरीपटावर पद ‘मदतनीस’, आणि वर्दी (आगीच्या कॉलच्या) रजिस्टरमध्ये नुसतं ‘५ जवान रवाना’. प्रत्येक वर्दीला नावं लिहून घ्या. ई-नॉमिनेशन (पीएफचा ऑनलाइन वारस) आजच भरा.

धूरविरोधी: आजारांचं प्रकरण जास्त अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२मध्ये अग्निशमनाचं काम थेट गट १मध्ये (कर्करोग होतो असं ठरलेल्या गोष्टींत) टाकलं. मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा पुरावा पुरेसा मानला. ऑस्ट्रेलियात २०११च्या कायद्याने १२ कर्करोग कामामुळेच झाले असं गृहीत धरलं (मूत्राशयासाठी १५ वर्षं सेवा). आपल्याकडे तसं गृहीतक नाही, संबंध जवानालाच दाखवावा लागतो. म्हणून वर्दीच्या नोंदीत काय जळालं तेही हवं: फोम, केबल, सिमेंटचे पत्रे. जुन्या गोदामांचे पत्रे तडतडून फुटतात, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

खरा घोळ कूलिंगच्या (आग विझल्यावर जागा थंड करण्याच्या) वेळी होतो. ६ लिटर, ३०० बारच्या सिलिंडरमध्ये १,८०० लिटर हवा. ५५ बारला शिट्टी वाजते, म्हणजे मिनिटाला ६० लिटरने जेमतेम २४ मिनिटं. मग ज्वाळा विझल्या की मास्क उतरतो आणि काजळी छातीत जाते. माणशी दोन सिलिंडर मागा. सूट जागेवरच पाण्याने, ब्रशने धुवून बंद पिशवीत टाका, केबिनमध्ये नको. तपासणीत स्पायरोमेट्री (फुप्फुसांची क्षमता), ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), छातीचा एक्स-रे आणि लघवी. पहिली भरतीच्या वेळी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

होजरील: दरवर्षी ठेकेदार बदलतो, त्याचं काय?

कामगारमित्र: यूएएन (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) तोच ठेवायला लावा. बरेच जण नवाच काढून देतात, मग जुनी सेवा जोडायला जवानालाच खेटे घालावे लागतात. महिन्याला पासबुक बघा. पगारातून कापलं पण भरलं नाही, हे तिथेच दिसतं.